दहीकाल्याच्या रात्री व्हीलचेअर: सिंधुदुर्गातल्या एका जत्रेचं प्रकरण

दशावताराला, म्हणजे कोकणातल्या जत्रेत रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्याला, तिकीट नसतं, आसनक्रमांक नसतो, दाराशी कोणी उभा नसतो. देवळासमोरचं पटांगण, वर मंडप, मध्ये एक लाकडी बाकडं, बाजूला पेटी, पखवाज आणि झांज. पालखीच्या प्रदक्षिणा संपल्या की नाटक सुरू होतं आणि उजाडताना दहीहंडी फुटते, तोच दहीकाला. सगळा गाव उघड्यावर बसलेला असतो. मग व्हीलचेअरवरच्या माणसाला तिथे अडवणार कोण? या प्रकरणात अडवणाऱ्या गोष्टींची यादी करायला बसलो तेव्हा पायऱ्या हा त्यातला सगळ्यात सोपा भाग निघाला.

गावाचं नाव मुद्दाम देत नाही. माणसांचीही नावं नाहीत. सुगम्यतेची, म्हणजे दिव्यांगांना एखादी जागा वापरता येते का याची, तपासणी हा माझा व्यवसाय, आणि हे काम ओळखीतून आलेलं.

माणूस चाळिशीच्या आतला. माडावरून पडला, कण्याला मार बसला, कमरेखालची संवेदना आणि हालचाल गेली. कोकणात माडावरून, आंब्यावरून पडून कायमचे खुर्चीत बसलेले लोक जवळपास प्रत्येक पंचक्रोशीत सापडतील. याचं नाक्यावर छोटं दुकान आहे. तिथपर्यंत तो स्वतः चाकं ढकलत जातो, हिशेब बघतो, गिऱ्हाईक सांभाळतो. अपघातापूर्वी त्याने जत्रा चुकवली नव्हती. कुठल्या कंपनीचा कोणता नट कोणत्या आख्यानात कसा बोलतो हे त्याला तोंडपाठ. अपघातानंतर मात्र तो जत्रेच्या रात्री घरी. लाऊडस्पीकरवरून संवाद ऐकू यायचे, तेवढंच.

त्याने देवस्थान कमिटीला निरोप धाडला की यंदा मला नाटक बघायचं आहे, अख्खं, पहाटेपर्यंत. कमिटीने लगेच होकार दिला. नकार देणारे लोक नव्हतेच ते. पोरं म्हणाली, "आमी चौघे आसव ना, उचलान नेतव. काळजी कित्याक करतस?"

त्यावर त्याचं उत्तर: "न्हेशात खरे, पण रातीच्या तीनाक मुताक जावचा झाला तर तुमका खंय सोदू?"

या एका वाक्यात पुढचं सगळं काम आलं. उचलून नेणं ही आपल्याकडची सर्वमान्य सोय. देवळात, लग्नाच्या हॉलवर, मतदान केंद्रावर, सगळीकडे चार जण पुढे होतात. भाव चांगला असतो, पण खुर्चीसकट माणूस पायऱ्यांवरून उचलताना एकाचा पाय घसरला तर कण्याला आधीच मार बसलेल्या माणसाचं काय होईल याचा विचार त्या चौघांनी केलेला नसतो. घडीच्या खुर्चीचं वजनच पंधरा-वीस किलो, वर माणूस. शिवाय फूटरेस्टला किंवा हाताच्या दांडीला धरून उचललं तर ते निघून हातात येतात, कारण ते काढता येण्यासाठीच बनवलेले असतात. आणि येणं-जाणं दुसऱ्याच्या हातात राहिलं की माणूस पाणी पिणं बंद करतो. याने तेच केलं असतं, हे त्याच्या बायकोने मला सरळ सांगितलं.

वाट

रस्त्यावरून पटांगणात उतरायला चिऱ्याच्या पाच पायऱ्या. एकूण उतार सुमारे तीन फूट. रॅम्पचा सर्वमान्य नियम 1:12, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. तीन फुटांना छत्तीस फूट, मध्ये विसाव्याची सपाट जागा वेगळी. तेवढी जागा समोर नव्हती. असती तरी एका रात्रीसाठी कोणी बांधला नसता. कमिटीतल्या एका हौशी गृहस्थाने पायऱ्यांवर दोन फळ्या टाकून दाखवल्या. स्पीकरची खोकी चढवायला त्या उत्तम. खुर्चीसाठी जीवघेण्या.

अशा वेळी मी एकच प्रश्न विचारतो: महाप्रसादाचा भाताचा टोप कुठून आत येतो? जड सामान पायऱ्यांवरून कोणी आणत नाही. इथेही देवळाच्या मागून एक वाट होती. टेम्पो तिथपर्यंत येतो, मंडपाचे बांबू तिथूनच उतरतात. पाहुण्यांना ती वाट माहीत नसते, कारण तिकडे ना कमान ना दिवे. वाट लांबची पण उतार सौम्य. अडचणी दोन. शेवटचा साठेक फुटांचा पट्टा भुसभुशीत मातीचा, आणि पटांगणाच्या कडेला सात इंचांचा चिऱ्याचा काठ.

मातीत खुर्चीची पुढची लहान चाकं रुततात. मागची मोठी चाकं कितीही फिरवली तरी पुढची नांगरासारखी खोल जातात. पूर्ण पट्ट्यावर प्लायवूड टाकायचं तर आठ पत्रे लागले असते, आणि मंडपवाला तेवढे मोकळे सोडेना. शेवटी गवत तासून वर चिऱ्याचा चुरा पसरला, पाणी मारलं आणि धुमसाने ठोकून घेतलं. सकाळी ठोकलं, दुपारी पुन्हा पाणी मारून ठोकलं. संध्याकाळी खुर्ची त्यावरून एका माणसाच्या जोरात गेली.

सात इंचांच्या काठाला प्लायवूडचा आठ बाय चारचा एक पत्रा पुरला. आठ फूट म्हणजे शहाण्णव इंच, त्याला सातने भागा: 1:12 पेक्षाही सौम्य उतार मिळतो. रुंदी चार फूट, तीही प्रमाणात बसते. पण पत्रा नुसता टेकवून चालत नाही. मधोमध झोळ येतो, म्हणून खाली चिरे आणि रिपा लावून आधार दिला. दोन्ही कडांना रीप ठोकली, नाहीतर अंधारात चाक बाजूने घसरतं. खालच्या टोकाला पत्र्याच्या जाडीचीच पायरी तयार होते. पाऊण इंच दिसायला क्षुल्लक, पण लहान चाक नेमकं तिथे थडकतं आणि माणूस पुढे फेकला जातो. तिथे चुऱ्याचा उतार करून ठोकला. वर किंतान ताणून खिळे मारले. पोरांना ते किंतान विनाकारण वाटत होतं. मध्यरात्रीनंतर दव पडायला लागलं आणि प्लायवूड किती गुळगुळीत होतं हे शेजारच्या उघड्या पत्र्यावर घसरलेल्या एका चहावाल्याने दाखवून दिलं.

जनरेटरच्या केबली याच वाटेवर आडव्या होत्या. त्या बांबूवरून वर घेतल्या. इथे विजेच्या माणसाशी थोडा वाद झाला, त्यात काही सांगण्यासारखं नाही.

बसायचं कुठे

खरं प्रकरण इथे सुरू होतं.

या गावात नाटकाला उंच रंगमंच नसतो. खेळ जमिनीवर, प्रेक्षकांच्याच पातळीवर. पुढे ताडपत्रीवर पोरं आणि बायका, त्यांच्या मागे प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यामागे आणि बाजूंना उभी गर्दी. मांडी घालून बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून अडीच फुटांच्या आसपास, प्लास्टिकच्या खुर्चीवर पावणेचार फुटांच्या आसपास, व्हीलचेअरवर उशी धरून चार फूट, उभ्या माणसाचे पाच फूट किंवा जास्त. हे आकडे कागदावर मांडले की जागा आपोआप ठरते. व्हीलचेअर ताडपत्रीवर नेली तर मागच्या दोन-तीन रांगांना तिची पाठ दिसेल आणि लोक कुरकुरतील, तेही रास्त. उभ्या गर्दीच्या मागे नेली तर त्याला फक्त कमरा आणि पाठी दिसतील. बाजूला देवळाच्या भिंतीपाशी, जिथे कमिटीने आधी जागा सुचवली होती, तिथून पेटीवाल्यांची डोकी दिसतात आणि पात्रांच्या पाठी. राहिली एकच जागा: जिथे ताडपत्री संपते आणि खुर्च्या सुरू होतात, ती पहिली रांग, तिचं वाटेकडचं टोक.

आणि पहिली रांग मानकऱ्यांची.

ज्याने गावऱ्हाटी, म्हणजे देवस्थानाभोवतीची मानपानाची व्यवस्था, जवळून पाहिलेली नाही त्याला यातला पेच कळणार नाही. कोणत्या घराण्याचा माणूस कुठे बसतो, पहिला नारळ कोणाचा, पालखीला खांदा कोणाचा, यावरून इथे कोर्टापर्यंत गेलेली प्रकरणं आहेत. दोन खुर्च्या काढा म्हणणं म्हणजे कोणाचे तरी दोन मान काढा म्हणणं. अध्यक्ष दोन दिवस गप्प राहिले. मग त्यांनी जे केलं ते मला सुचलं नसतं. रांग छोटी न करता त्यांनी ती वाटेच्या बाजूला वाढवली. ताडपत्री चार फूट आत ओढली आणि खांबाची जागा मंडप उभारायच्या आधीच सरकवायला लावली. मानकऱ्यांच्या खुर्च्या होत्या तितक्याच आणि होत्या तिथेच. वाढलेल्या टोकाला व्हीलचेअरची जागा, शेजारी बायकोसाठी एक साधी खुर्ची. मागे वळण्यासाठी पाच फुटांचा मोकळा चौकोन.

मंडप उभारायच्या आधी, हे इथे महत्त्वाचं. खांब गाडल्यावर हीच मागणी आली असती तर तीच माणसं "पुढच्या वर्षी बघू" म्हणाली असती.

शेजारच्या खुर्चीबद्दलही बोललो होतो. पुष्कळ ठिकाणी व्हीलचेअरची जागा ठेवतात, पण सोबतच्या माणसाला मागे पाठवतात. नाटक कोणी एकट्याने बघायला येत नाही. पात्र चुकलं की कोपर कोणाला मारायचं?

सहा तास

दशावताराला दोन अंकी नाटकाचे नियम लागू नाहीत. आडदशावतार (गणपती, संकासुर वगैरेंचा सुरुवातीचा भाग) आणि नंतर आख्यान धरून रात्र जाते. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला इतका वेळ एका जागी बसणं धोक्याचं आहे. बसल्या जागी दाब पडून कातडी मरते, जखम होते, आणि ती भरायला महिने जातात. म्हणून दर पंधरा ते तीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलावं लागतं किंवा एका बाजूला झुकावं लागतं. त्यासाठी दोन्ही बाजूंना कोपर पसरेल एवढी जागा हवी. खुर्ची दोन माणसांच्या मध्ये दाबून बसवली की ते जमत नाही.

दुसरी गोष्ट लघवीची. मणक्याच्या दुखापतीनंतर अनेकांना दर चार ते सहा तासांनी नळी घालून मूत्राशय रिकामं करावं लागतं. त्यासाठी स्वच्छ जागा, उजेड, हात धुवायला पाणी आणि आडोसा, एवढं हवं. झाडामागे जाऊन ते होत नाही. देवळाजवळ शौचालय नव्हतं. जवळच्या शाळेत होतं, त्याला रॅम्पही होता. पण कुलूप, आणि आत जुनी बाकं रचलेली. दिव्यांगांसाठी म्हणून बांधलेली शौचालयं अडगळीची खोली झालेली मी इतक्या ठिकाणी पाहिली आहेत की आता कुलूप नसलं तरच नवल वाटतं. किल्ली मिळवली, बाकं काढली, बल्ब लावला. तरीही खुर्ची दारात अडकली, अर्ध्या इंचाने. दार काटकोनात उघडलं तरी फळीची जाडी वाटेत राहतेच. बिजागऱ्यांचे स्क्रू काढून दार बाजूला ठेवलं आणि पडदा लावला. दीड इंच मिळाला, काम झालं.

तिसरी गोष्ट कोणाच्याच डोक्यात नव्हती. थंडी वाढली तशी एका मावशीने मायेने निखाऱ्याची शेगडी आणून त्याच्या पायांशी ठेवली. पायांना चटका कळत नाही. भाजलं तरी तो नाटकच बघत बसला असता. त्याच्या बायकोने ती लगेच सरकवली आणि मावशीला समजावून सांगितलं. मावशी ओशाळली. पायावर घोंगडी टाकणं बरं, शेगडी नको, एवढं स्वयंसेवकांना आधी सांगून ठेवायला हवं.

नाटक सुरू झाल्यावर

गणपती झाला, सरस्वती झाली, भटजी आला, आणि मग काळ्या वेषातला, लाल जीभ लोंबणारा संकासुर. संकासुराचं कामच गावाची टर उडवण्याचं. सरपंचाला सोडत नाही, मुंबईकर चाकरमान्यांना सोडत नाही. पहिल्या रांगेकडे फिरता फिरता तो याच्यासमोर थांबला. कमिटीवाल्यांचे चेहरे पडले. संकासुराने खुर्चीला एक प्रदक्षिणा घातली, चाकाला हात लावून बघितला आणि म्हणाला, "तुका बरी गावली रे खुर्ची! आमच्या राजाक अजून बाकडाच."

सगळं पटांगण हसलं, तोही हसला. "राजाक विकत दी, मी बाकड्यार बसतंय," त्याने तिथल्या तिथे उलट मारलं, आणि त्यालाच जास्त हशा मिळाला.

नंतर काहींनी मला विचारलं, असं बोलणं बरं का. माझं मत स्पष्ट आहे. थट्टा खुर्चीची होती, पायांची नव्हती. सगळ्या रांगेची टर उडवून संकासुर एकट्या त्याला वगळून पुढे गेला असता, तर ते जास्त टोचलं असतं.

मग बिघडलं काय? दोनच्या सुमारास आख्यान रंगात आलं आणि गर्दी वाढली. वळण्यासाठी सोडलेल्या पाच फुटी चौकोनात पोरं येऊन झोपली. जत्रेत मोकळी जागा मोकळी राहत नाही. तिथे ठेवलेल्या स्वयंसेवकाला मित्र चहाला घेऊन गेले. रॅम्पवर पाच-सहा जण उभे, कारण सात इंच उंचावरून नाटक छान दिसतं. आणि मागच्या वाटेच्या तोंडाशी दोन मोटरसायकली आडव्या लावलेल्या. तीनच्या पुढे त्याला शाळेकडे जायचं होतं तेव्हा गाडीवाल्यांना शोधण्यातच बराच वेळ गेला. माइकवरून गाडीचा नंबर पुकारावा म्हटलं, तर युद्धाचा प्रसंग चालू, पखवाजवाला थांबेना. शेवटी दोघांनी मोटरसायकली उचलून बाजूला ठेवल्या.

उचलायचंच असेल तर मोटरसायकल उचला, माणूस नको, हे तिथे उभ्या एका पोराचं वाक्य. ते मी वहीत लिहून घेतलं.

तो परत आला आणि दहीहंडीपर्यंत थांबला. रॅम्पवरून रात्रभरात सर्वांत जास्त ये-जा कोणाची झाली म्हणाल तर नाटक कंपनीच्या पेटाऱ्यांची. त्याखालोखाल गुडघे धरून चालणाऱ्या म्हाताऱ्यांची, त्यात पहिल्या रांगेतले एक मानकरीही.

कायद्याची बाजू

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये सार्वजनिक इमारतीची व्याख्या सरकारी इमारतींपुरती नाही. लोक जिथे जातात अशा खासगी इमारतीही तीत येतात, आणि धार्मिक, सांस्कृतिक, करमणुकीच्या कारणांसाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतींचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम 45 प्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम्य व्हायला हव्या होत्या. नियम जून 2017 मध्ये आले, म्हणजे मुदत 2022 मध्येच संपली. कलम 29 मध्ये सांस्कृतिक जीवनात सहभागाचा हक्क वेगळा सांगितला आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या नियमांतला सुगम्यतेचा नियम 15(1) कायद्याशी विसंगत ठरवला, कारण त्यातल्या मार्गदर्शक सूचना करायच्या तर करा अशा स्वरूपाच्या होत्या. केंद्राला किमान निकष बंधनकारक करायला सांगितलं.

एका रात्रीचा बांबूचा मंडप इमारतीच्या व्याख्येत बसतो का, यावर वकील मंडळी वाद घालू शकतील. मी कमिटीपुढे कायदा काढलाच नाही. काढला असता तर बैठक तिथेच संपली असती आणि पुढे फक्त अर्ज-विनंत्या चालल्या असत्या. गावात मांडवाचा नकाशा बोलतो, कलम नाही. पण कायद्याचं बळ पाठीशी आहे हे मागणाऱ्याला माहीत असावं, म्हणजे तो उपकार मागितल्यासारखा बोलत नाही.

पुढे

जत्रेनंतरच्या बैठकीत कमिटीने काही गोष्टी इतिवृत्तात लिहून घेतल्या. मागच्या वाटेला दिवे आणि कमान. मोकळ्या चौकोनाला फक्की मारून वर दोरी, आणि एकाऐवजी दोन स्वयंसेवक, पाळीने. वाटेच्या तोंडाशी मोटरसायकल लावू नये म्हणून आडवा बांबू, जो फक्त खुर्चीसाठी किंवा टेम्पोसाठी उघडायचा. व्हीलचेअरच्या जागा एकाच्या तीन, कारण शेजारच्या वाडीतून दोन घरांनी आत्ताच विचारलं आहे. मंडपवाल्याने सांगितलं की खांब आधी सरकवायचे असतील तर त्याला काही जास्त लागत नाही, फक्त आदल्या आठवड्यात कळवा.

दर्शनाचं मात्र काही झालं नाही. गाभाऱ्याकडे जायला उंच उंबरठा आणि आत तीन पायऱ्या. देवीची ओटी त्याच्या बायकोने एकटीने भरली. उंबरठ्याला हात लावायचा तर देवाचा कौल घ्यावा लागेल असं अध्यक्ष म्हणतात, आणि तो कधी घेणार ते सांगत नाहीत.

शौचालयाचा अर्ज ग्रामपंचायतीकडे गेला आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो, त्यातून पटांगणाच्या कडेला रुंद दाराचं एक शौचालय व्हावं अशी मागणी आहे. जमीन देवस्थानची असल्याने पंचायतीला तिथे बांधता येईल का, या मुद्द्यावर अर्ज अडला आहे. देवस्थानने ना-हरकत लिहून द्यायची तयारी दाखवली आहे. ठरावावर सह्या बाकी आहेत. त्या होईपर्यंत शाळेची किल्ली जत्रेच्या आदल्या दिवशी दुकानदाराच्याच ताब्यात राहील असं ठरलं आहे.